जागृतीची वर्गणी आणि उपचाराची तरतूद

पावसाळा सरून, सुगीची गडबड ओसरून शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आणि चार मोकळे दिवस आले की महाराष्ट्राच्या गावोगावी मैदाने आखली जातात. कोठे जत्रेच्या निमित्ताने कुस्त्यांचा फड भरतो, कोठे प्रकाशझोतात कबड्डीचे सामने रंगतात, कोठे टेनिस चेंडूच्या क्रिकेटवर अख्खा गाव आठवडाभर खिळून राहतो, आणि शहरांत एरवी नऊ वाजेपर्यंत अंथरूण न सोडणारी मंडळी रविवारच्या पहाटे छातीला क्रमांकाचे कागद लावून धावताना दिसतात. या उत्सवप्रिय धामधुमीत अलीकडे एका नव्या हेतूचा प्रवेश झाला आहे. स्पर्धेच्या फलकावर, प्रायोजकाच्या नावाच्या खाली आणि पुढाऱ्यांच्या छायाचित्रांच्या गर्दीतून वाट काढीत, मधूनमधून एक ओळ डोकावू लागली आहे की, सदर स्पर्धा तरुणांच्या मानसिक आरोग्याच्या जागृतीसाठी आयोजित केली असून तिचे उत्पन्न त्याच कार्यास अर्पण केले जाईल.

या ओळीचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. घरातला तरुण मुलगा महिनोन्महिने अन्नावरची वासना उडालेला, रात्र रात्र जागा, माणसांतून उठून गेल्यासारखा वावरत असतानाही ‘अंगात आळस भरलाय’ आणि ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ या दोन निदानांपलीकडे तिसरे निदान ज्या समाजाला सुचत नसे, त्या समाजाने मनाच्या आजाराचा उच्चार चारचौघांत, तोही मैदानासारख्या मर्दुमकीच्या जागी, उघडपणे करावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु वर्गणी हा आमच्याकडे फार जुना आणि फार जबाबदारीचा व्यवहार आहे, आणि म्हणून स्वागताचे शब्द संपताच ‘उत्पन्न त्याच कार्यास’ म्हणजे नेमके कोठे जाणार, हा प्रश्न विचारणे मला प्राप्त वाटते.

खेळासाठी वर्गणी गोळा करण्याची रीत महाराष्ट्राला कोणी परदेशातून शिकविलेली नाही. १९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले तेव्हा प्रवासखर्चाची सोय नव्हती. गावकऱ्यांनी यथाशक्ति पैसे जमविले, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तेथून कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि परतल्यावर कुस्त्यांची मैदाने करून, त्यांत मिळालेल्या पैशांतून त्या गहाणाची फेड केली. या हकीकतीतील शौर्याचा भाग सर्वांच्या तोंडी आहे. मला तिच्यातील हिशेबाचा भाग अधिक मोलाचा वाटतो. देणाऱ्याला आपला रुपया कोणत्या प्रवासासाठी जात आहे हे ठाऊक होते, घेणाऱ्याला आपण कोणाचे देणेकरी आहोत हे ठाऊक होते, आणि व्यवहार पुरा झाला तेव्हा तो पुरा झाल्याचे साऱ्या पंचक्रोशीला दिसले. देणगीच्या पावतीवर छापलेले कोणतेही सुभाषित या तीन गोष्टींची जागा घेऊ शकत नाही.

मनाच्या आरोग्यासाठी जमणाऱ्या पैशाची अडचण अशी की, त्याचा प्रवास हेलसिंकीच्या तिकिटासारखा डोळ्यांना दिसत नाही. शाळेची खोली बांधली तर ती दाखविता येते, रुग्णवाहिका घेतली तर तिच्यावर मंडळाचे नाव रंगविता येते. पण एक खचलेला मुलगा पुन्हा कॉलेजात जाऊ लागला, याचे उद्घाटन कोणत्याही मान्यवराच्या हस्ते करता येत नाही, आणि सभ्यपणाची थोडी चाड असेल तर करूही नये. अदृश्य कार्यासाठी जमलेला पैसा सहजच दृश्य गोष्टींकडे वाहू लागतो. धावणाऱ्यांसाठी एकरंगी सदरे येतात, पदके येतात, मंच आणि ध्वनिक्षेपक येतात, पाहुण्या कलावंताचे मानधन येते, मैदानावर सामुदायिक शपथ होते, तिचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. आणि शेवटी जमाखर्चाची वही उघडली असता असे आढळते की, जागृतीसाठी जमविलेला पैसा जागृतीच्या समारंभातच खर्ची पडला असून शिल्लक राहिली ती केवळ जागृती.

आणि जागे झालेल्याने जावे कोठे? एखाद्या तालुक्याच्या गावातील अठरा वर्षांचा मुलगा अशा दौडीत धावला, मंचावरील भाषण ऐकून त्याला आपल्या दुखण्याचे नाव प्रथमच कळले, आणि मोठ्या धैर्याने तो सोमवारी सकाळी मदत शोधण्यास निघाला, असे क्षणभर धरून चालू. या देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता वाट्याला येत नाही, आणि जे आहेत त्यांतील बहुसंख्य मोठ्या शहरांत आहेत. सरकारची चार मोठी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे असून, ज्याचे नाव ऐकताच मुलाच्या आईचा जीव घाबरा होतो अशा त्या दारांशी जाण्याचे त्याच्या आजाराचे स्वरूप बहुधा नसतेच. राहता राहिले जिल्ह्याचे रुग्णालय. तेथे जाण्यासाठी एस. टी. चे भाडे, वडिलांचा बुडालेला रोजगार आणि शेजाऱ्यांना सांगावयाचे एखादे खोटे कारण, इतका खर्च पहिल्याच दिवशी होतो, आणि अशा दिवसांची मालिका लागते. विहीर न खणता गावभर तहानेची दवंडी पिटावी, तसा हा प्रकार आहे.

आकडे या स्थितीला दुजोरा देतात. बंगळूरच्या ‘निमहान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या पाहणीत १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले होते, आणि ज्यांना उपचारांची आवश्यकता होती त्यांपैकी, विकाराच्या प्रकारानुसार, ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचूनच राहिलेले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरी २०२२ या एका वर्षात देशभरातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदलेल्या असून त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातल्या आहेत. राज्यवार यादीत आपल्या राज्याचा आकडा सर्वांत मोठा. एखादा मुलगा आयुष्य संपविण्यापर्यंत येतो तो कोणत्याही एका कारणाने येत नाही, आणि परीक्षेचा निकाल किंवा प्रेमभंग अशी एका ओळीची मीमांसा करून मोकळे होणे हा त्या मुलावर झालेला दुसरा अन्याय होय. मात्र वेळेवर, जवळ आणि बिनबोभाट मिळणाऱ्या मदतीने पुष्कळ जीव वाचतात, याविषयी जाणकारांत मतभेद नाही.

आता माझे म्हणणे स्पष्टच मांडतो. तरुणांच्या मानसिक आरोग्याच्या नावाने खेळांतून जमणाऱ्या पैशांतील निम्म्याहून अधिक रक्कम माणसावर खर्च झाली पाहिजे: त्याच तालुक्यातील, रीतसर शिक्षण घेतलेल्या, वर्षभर नेमून दिलेल्या दिवशी नेमून दिलेल्या ठिकाणी बसणाऱ्या आणि त्याबद्दल दरमहा मानधन घेणाऱ्या समुपदेशकावर. ज्या स्पर्धेला हे साधणार नाही तिने आपल्या फलकावर खेळाचेच नाव लिहावे, खेळ हा स्वयमेव पुरेसा चांगला हेतू आहे. दुसऱ्याच्या दुःखाची मोहोर उमटवून आपल्या चषकाची शोभा वाढवू नये.

समुपदेशक म्हटला की पदव्यांची मोठी माळ असलेला कोणी तज्ज्ञच हवा, आणि तो खेड्यात कोठून आणावयाचा, अशी शंका येथे सहजच निघेल. तिचे उत्तर आपल्या आसपासच मिळून चुकले आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांसाठी, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या परंतु पद्धतशीर शिक्षण आणि देखरेख लाभलेल्या स्थानिक स्त्रीपुरुषांकडून सहा ते आठ बैठकींचे समुपदेशन देवविले, आणि त्याचा गुण आल्याचे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झाले. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ज्या भूमीचे नाव देशभर दुःखाने घेतले गेले त्याच भूमीत, ‘विश्राम’ नावाचा उपक्रम अशाच गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या बळावर चालला, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने ‘आत्मीयता’ या उपक्रमात गावातल्याच मंडळींना हे काम शिकविले आहे. यांपैकी कोठेही मोठ्या इमारती लागल्या नाहीत. लागली ती निवडलेली माणसे, त्यांचे शिक्षण, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एखादा तज्ज्ञ.

‘मग आमचे क्रीडाशिक्षकच हे काम करतील, वेगळे मानधन कशाला?’ असा काटकसरी विचार चिटणीसांच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि सुदैवाने त्याचीही परीक्षा होऊन गेली आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत एक मोठा प्रयोग झाला. त्यात एकच कार्यक्रम काही शाळांत त्यासाठी खास नेमलेल्या कार्यकर्त्यांनी आणि काही शाळांत तेथल्याच शिक्षकांनी राबविला. नेमलेल्या कार्यकर्त्यांच्या शाळांत मुलांचे नैराश्य कमी झाले, दांडगाई घटली, शाळेचे एकंदर वातावरण निवळले. शिक्षकांनी राबविलेल्या शाळांत मात्र, कार्यक्रमच न झालेल्या शाळांच्या तुलनेत, लक्षणीय फरक दिसला नाही. यात शिक्षकांना दोष देण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सरकारची सारी पडेल कामे ज्यांच्या खांद्यावर टाकली जातात, त्यांच्यावर आणखी एक विनामूल्य कर्तव्य लादल्यास त्याचे असेच व्हावयाचे. शिवाय विद्यार्थी ज्याच्या हातून गुण आणि शिक्षा घेतो त्याच्यापाशी मनातले सारे बोलेलच, असे नाही.

हीच गोष्ट वस्तादांची आणि प्रशिक्षकांची. त्यांचे स्थान समुपदेशकाच्या आधीचे आहे. आणि येथे खेळाने दुसऱ्याच्या दुःखासाठी पैसे जमविण्याबरोबर स्वतःच्या अंगणातही थोडे पाहिले पाहिजे. आमच्या आखाड्यांनी आणि मैदानांनी मुलांना पुष्कळ दिले: शिस्त दिली, संघभाव दिला, पराभव पचविण्याचे बळ दिले. पण त्याबरोबर दुखणे दडविण्याचे शिक्षणही दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के याने वर्षानुवर्षे नैराश्य सोसले आणि ते उघड झाल्यास आपली कारकीर्द जाईल, दत्तक घेतलेली मुलगीही जाईल, या भीतीने जगापासून लपविले. नोव्हेंबर २००९ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याने जीवन संपविले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या पत्नीने पत्रकारांसमोर बसून, इतकी वर्षे दडवून ठेवलेले ते सारे शांतपणे सांगितले. पुढच्या जानेवारीत त्याच्या नावाने न्यास स्थापन झाला तो जर्मन फुटबॉल संघटना, व्यावसायिक लीग आणि त्याचा हॅनोव्हरचा संघ या तिघांनी मिळून. म्हणजे खेळाच्या कारभाऱ्यांनी ही जबाबदारी खेळाचीच मानली. आपल्याकडे विराट कोहलीसारख्या खेळाडूनेही २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात, भोवती माणसे असूनही, आपण किती एकाकी पडलो होतो हे पुढे जाहीरपणे सांगितले. ज्याच्या बॅटीकडे कोट्यवधी डोळे लागलेले त्याची ही कथा, तर कोल्हापूरच्या मोतीबाग किंवा गंगावेस तालमीत खुराकाचे पैसे गावाकडून येतील की नाही या विवंचनेत घाम गाळणाऱ्या, गुडघा दुखावला तर दुसरा कोणताच मार्ग नसलेल्या विशीच्या मल्लाने काय करावे?

ऑस्ट्रेलियात या दिशेने एक विचारपूर्वक पाऊल पडले आहे. २००३ साली मेलबर्नमध्ये तीस मित्रांच्या नोव्हेंबरभर मिशा वाढविण्याच्या थट्टेतून ‘मूव्हेंबर’ ही चळवळ सुरू झाली. प्रारंभी पुरुषांच्या प्रोस्टेट कर्करोगासाठी आणि नंतर मानसिक आरोग्यासाठीही तिने अमाप निधी जमविला. मिशांचे नावीन्य एक-दोन हंगामांत ओसरून जाते. पण त्या निधीतून स्थानिक क्रीडामंडळांसाठी ‘अहेड ऑफ द गेम’ नावाचा जो अभ्यासक्रम चालतो तो मला लक्षणीय वाटतो, कारण त्यात बारा ते अठरा वर्षांच्या खेळाडूंना, त्यांच्या पालकांना आणि त्यांच्या प्रशिक्षकांना स्वतंत्रपणे बसवून, मुलगा खचू लागल्याची चिन्हे कशी ओळखावी, त्याच्याशी कसे बोलावे, आणि त्याला पुढे कोणाकडे पाठवावे, एवढेच शिकवितात. प्रशिक्षकाने वैद्य व्हावे अशी अपेक्षा तेथे नाही. रोज पहाटे येणारा मुलगा आठ दिवस आला नाही, किंवा आला तरी पूर्वीसारखा जोर-बैठकांत रमत नाही, हे वस्तादाच्या डोळ्यांना आईबापांच्याही आधी दिसते. त्या डोळ्यांना जे दिसले त्याचे पुढे काय करावयाचे, एवढे त्यांना ठाऊक असले की त्यांचे कर्तव्य पुरे झाले. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालीम मंडळांच्या फुटबॉल संघांवर पेठाच्या पेठा जीव टाकतात. पेठेतील प्रत्येक घराशी ज्यांचा दोन-तीन पिढ्यांचा संबंध आहे अशी ही मंडळे या कामासाठी कोणत्याही नव्या संस्थेपेक्षा अधिक योग्य आहेत, असे माझे मत आहे.

येथे मुलींचा विषय आल्यावाचून राहत नाही. गावातील स्पर्धांचा प्रेक्षक पुरुष, खेळाडू पुरुष, चिटणीस आणि खजिनदारही पुरुष. शाळेच्या मैदानावर कबड्डी आणि खोखो गाजविणाऱ्या मुली दहावीनंतर त्या मैदानावरून अशा नाहीशा होतात की, त्या कोठे गेल्या असे कोणी विचारीतही नाही. ‘तरुणांचे मानसिक आरोग्य’ या शब्दांत त्यांचाही समावेश असेल तर समुपदेशकांत एक तरी स्त्री असली पाहिजे, आणि तिची बसण्याची जागा अशी असली पाहिजे की जेथे मुलीला कोणाला कारण न सांगता जाता येईल. मंडळाच्या कार्यालयात, पुढाऱ्याच्या तसबिरीखाली आणि कॅरम खेळणाऱ्यांच्या समोर टेबल-खुर्ची मांडून ही सेवा उघडली तर तेथे कोणीही फिरकणार नाही, मुलगाही नाही. शाळेतील एखादी मागची खोली, ग्रंथालय, आरोग्य उपकेंद्र, अशा ठिकाणी ती असावी. तिच्या नोंदी मंडळाच्या कोणाही पदाधिकाऱ्यास पाहावयास मिळू नयेत, आणि वार्षिक अहवालात आलेल्यांच्या संख्येपलीकडे एक अक्षरही छापले जाऊ नये.

पैशाचे म्हणाल तर ही योजना आवाक्याबाहेरची नाही. समुपदेशकाचे मानधन दरमहा पंचवीस हजार धरले तर वर्षाचे तीन लाख होतात. त्याच्या शिक्षणाचा, प्रवासाचा आणि देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाचा खर्च मिळवून चार-साडेचार लाखांत एक माणूस वर्षभर उभा राहतो. ज्या तालुक्यात एका हंगामात लाखा-लाखाची पहिली बक्षिसे देणाऱ्या स्पर्धा होतात, षटकारामागे रोख इनाम पुकारले जाते आणि शेवटच्या कुस्तीसाठी पैजेची रक्कम वाढत जाते, त्या तालुक्यातील मंडळांनी एकत्र येऊन इतकी रक्कम उभी करणे अशक्य म्हणता येणार नाही. अशक्य आहे ते त्यांनी एकत्र येणे, असे कोणी म्हटल्यास मात्र मला पटकन उत्तर देता येणार नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते, आणि आरोग्य तसेच ग्रामीण क्रीडा ही दोन्ही कामे त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत; त्या दारावरही थाप मारता येईल.

मोठ्या शहरांत याचा नमुनाही समोर आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ‘युनायटेड वे मुंबई’ या संस्थेमार्फत अनेक सेवासंस्था आपली नावे नोंदवितात, धावणारा आपल्या पसंतीच्या संस्थेसाठी आप्तमित्रांकडून देणग्या मागतो, आणि देणगी स्पर्धेच्या तिजोरीत न पडता त्या संस्थेच्या नावे जमा होते. त्याच मॅरेथॉनमधील ‘ड्रीम रन’मध्ये चित्रविचित्र पोशाख करून, हाती घोषणांचे फलक घेऊन चालणाऱ्यांची मला पूर्वी गंमत वाटे, परंतु स्पर्धेचा खर्च निराळा आणि दानाचा पैसा निराळा, हे त्या व्यवस्थेतील तत्त्व गावच्या मंडळांनी उचलण्याजोगे आहे. तात्पुरत्या वर्गणीसाठी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते हे गणेशोत्सव मंडळांना ठाऊक असते, क्रीडामंडळांना बहुधा नसते. देणगीवरील प्राप्तिकराची सवलत दोन हजारांवरील रोख देणगीस मिळत नाही, हेही देणगीदारास आधी सांगितलेले बरे. आणि जमाखर्चाचा ताळेबंद, बक्षिसाच्या रकमा ज्या फलकावर झळकल्या त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावावा. आमच्या गावांत हिशेब मागणाऱ्याला शत्रू समजण्याचा एक दुष्ट शिरस्ता पडला आहे; तो मोडण्यास याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

हे सारे सरकारचे कर्तव्य असताना लोकांनी खिशात हात का घालावा, असा आक्षेप काहींचा असतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या अठराव्या कलमाने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदोपत्री चालू आहे. वर्गणीने हा हक्क क्षीण होता कामा नये. मंडळाने नेमलेला समुपदेशक जिल्हा रुग्णालयाच्या त्या कार्यक्रमाशी जोडलेला असावा, गंभीर रुग्ण त्याने तेथे पाठवावा, आणि तेथे औषध नाही, डॉक्टर नाही, असे आढळल्यास मंडळाच्या शंभर-दीडशे सभासदांनी आमदारापुढे तगादा लावावा. एरवी ज्याच्या नावाचा चषक ठेवावयाचा त्याच्याकडे मागणी करण्याची संधी मंडळांना वर्षातून एकदा तरी मिळतेच. लोकांच्या पैशाने कार्य उभे राहते आणि ते टिकतेही, याची साक्ष येरवड्याच्या मुक्तांगणने दिली आहे: डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीच्या आधाराने सुरू केलेले ते व्यसनमुक्ति केंद्र आजही चालू आहे, कारण ती देणगी एका दिवसाच्या समारंभात न जिरता शिकलेल्या माणसांच्या रोजच्या कामात गेली.

तेव्हा क्रीडामंडळांच्या चालकांना माझी विनंती इतकीच की, येत्या हंगामाची पत्रके छापखान्यात जाण्यापूर्वी त्यांनी जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांची भेट घ्यावी, समुपदेशकाच्या वर्षभराच्या मानधनाची तरतूद लेखी करून घ्यावी, आणि त्यानंतरच फलकावर त्या कार्याचे नाव घालावे. ती तरतूद होईपर्यंत निदान केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक मैदानाच्या प्रवेशद्वारावर लिहून ठेवावा: १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही, एक पैसा न देता, मराठीत बोलता येते.